सायझर आल्म : आई-बाबांसोबत कुरणातली एक दिवसाची चाल

इसारकाठी

"ज्येष्ठांना घेऊन आल्प्समध्ये कुठे चालायला जावं?" हा धागा इथे दर उन्हाळ्यात एकदा तरी निघतो आणि दर वेळी उत्तरात बर्फाच्या शिखरांची नावं येतात. आमचे दोघे (बाबा ६९, आई ६४, मूळ जावळी तालुक्यातले) बर्फ बघून पाच मिनिटांत "बरं, आता खाली जाऊ" म्हणाले असते, याची मला खात्री होती. म्हणून गेल्या जुलैत त्यांना सायझर आल्मला नेलं. माहिती हवी असणाऱ्यांसाठी हा धागा. अधूनमधून पाल्हाळ आहे, ते सहन करा.

जागा इटलीत, अगदी उत्तरेला, दक्षिण टिरोलमध्ये. इटलीत असली तरी लोक घरात जर्मन बोलतात, कारण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. पठाराला नावंही तीन आहेत. जर्मनमध्ये सायझर आल्म, इटालियनमध्ये अल्पे दी सिउझी, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या लादिन भाषेत मोंत सेउक. क्षेत्रफळ ५६ चौरस किलोमीटर, उंची साधारण १६८० पासून २३५० मीटरपर्यंत. इतक्या उंचीवरचं इतकं मोठं कुरण युरोपात दुसरं नाही.

आम्ही म्युनिकहून रेल्वेने ब्रेनर खिंडीतून बोल्झानोला गेलो (चार तास), तिथून बसने वर सायस गावात मुक्काम. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात खाजगी गाड्यांना पठारावर जायला बंदी आहे, त्यामुळे सायसहून रोपवे. चार किलोमीटरांहून लांब आहे, पाव तासात आठशे मीटर वर नेतो. वरच्या ठाण्याचं नाव कोम्पाच, उंची १८४४ मीटर.

दार उघडलं आणि समोर ते हिरवं. वर-खाली होत गेलेलं, मधूनमधून लाकडी खोपटी, आणि पलीकडे सास्सोलुंगो नावाचा ३१८१ मीटरचा राखाडी कातळ सरळ उभा. नवऱ्याने फोन काढला. आई "अगं बाई" म्हणाली. बाबा दोन मिनिटं गप्प होते, मग त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या मालकीचं आहे?"

मला वाटलं होतं सरकारी असेल. नाही. बहुतेक तुकडे खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांचे आहेत, वडिलोपार्जित. आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला गेलो ते कुणाचं तरी वैरणीचं रान आहे. पूर्वी इथे जंगल होतं. लोकांनी शेकडो वर्षांत ते तोडून कुरण केलं आणि दर वर्षी कापून, चारून ते कुरणच ठेवलं. कापणं थांबवलं तर आधी झुडपं येतात, मग सूचिपर्णी झाडं. हे सगळं नंतर वाचून कळलं. बाबांना ते तिथेच, खोपटी आणि पायवाटा बघून कळलं होतं.

आमची वाट: कोम्पाचहून खुर्चीच्या लिफ्टने पानोरामा नावाच्या टेकाडावर (साधारण २००० मीटर), तिथून पाणथळ जागेवर टाकलेल्या लाकडी फळ्यांवरून गोल्डक्नोफकडे, पुढे मालक्नेख्टच्या झोपडीपर्यंत (२०५४ मीटर), आणि मग उतरत साल्ट्रियाला. साल्ट्रियाहून बस परत कोम्पाचला. खाण्या-बसण्यासकट सात तास लागले, नुसत्या चालीला चार पुरतील. चढ जवळजवळ नाही, पण शेवटचा उतार आईच्या गुडघ्यांना लागला. काठ्या न्या.

फळ्यांच्या वाटेवर कापसासारखी पांढरी बोंडं असलेलं गवत होतं. आईने लगेच "ही वात होईल का?" म्हणून बोटांवर वळून बघितली. नाही होत. तुटते.

आता मुख्य प्रसंग. जेवण करून आम्ही उतारावर निघालो तर एका तीव्र चढाच्या तुकड्यावर एक म्हातारा गवत कापत होता. सपाटीला यंत्रं चालतात, पण असे तिरके कोपरे अजून हातानेच कापतात. लांब दांड्याचा, उभ्यानेच फिरवायचा विळा. आपल्यासारखं ओणवं बसायचं नाही. कमरेला गाईच्या शिंगासारखी एक डबी लटकवलेली, तीत पाणी, पाण्यात धारेचा दगड. दहा-बारा हात मारले की थांबायचं, पातं उलटं धरायचं, ओला दगड दोन्ही बाजूंनी सर्र-सर्र फिरवायचा आणि परत सुरू. बाबा कुंपणाशी थांबले ते थांबलेच. "निसणा कमरेला बांधलाय बघ. आपण बांधावर ठेवतो आणि मग शोधत बसतो."

खालच्या सपाट तुकड्यात कापून वाळलेलं गवत पसरलं होतं. म्हाताऱ्याची मुलगी ट्रॅक्टरवर आणि दोन नातवंडं लाकडी दाताळ्यांनी गवत ओढून ओळी लावत होती. तेवढ्यात श्लेर्न नावाच्या डोंगराच्या मागून ढग आले. सकाळी अ‍ॅपवर "दुपारी ३ नंतर वादळाची शक्यता" असं लिहिलेलं मी वाचलं होतं, पण जेवणात वेळ काढला, ही सर्वस्वी माझी चूक. लांबून पहिला गडगडाट झाला आणि त्या कुटुंबाची पळापळ सुरू झाली. बाबांनी पाठपिशवी माझ्या हातात दिली, कुंपणाच्या फाटकातून आत गेले आणि तिथे आडवं पडलेलं एक जादा दाताळं उचललं.

मी "बाबा, अहो, असं कुणाच्या रानात..." म्हणेपर्यंत त्यांची अर्धी ओळ ओढून झाली होती. पोरं आधी दचकली. ट्रॅक्टरवरच्या बाईने एकदा बघितलं, बोटाने दाखवलं की त्या बाजूने ओढा, आणि पुढे गेली. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, तशी गरजही पडली नाही. मग नवराही गेला, पण त्याचं दाताळं दर दोन हातांनी जमिनीत रुतायचं. सातवीतल्या वयाच्या एका पोरीने त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि त्याला खोपटाकडे पिटाळलं.

बराचसा चारा आत गेला, थोडा भिजला. पावसाचे थेंब पडू लागले तसे आम्ही सगळे खोपटाच्या वळचणीला भिंतीला टेकून उभे. आत गवत छपरापर्यंत. भिंतीच्या ओंडक्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या, वारा खेळावा म्हणून. त्या फटींतून जो वास येत होता तो मी इथे लिहून सांगू शकत नाही. म्हाताऱ्याने बाबांचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाला. मला वाटलं 'डांके' म्हणेल. तो म्हणाला, "फेरगेल्ट्स गॉट". माझं म्युनिकचं जर्मन आठ वर्षांचं आहे, पण हा शब्द मी ऑफिसात कधी ऐकला नव्हता. अर्थ : देव याची परतफेड करो.

बाबा म्हणाले, "त्याला सांग, भिजलेलं वेगळं ठेव. एकत्र रचलं तर गंजी आतून तापते." मी सांगितलं. म्हातारा हसला आणि बोटाने दाखवलं. मुलीने ते आधीच वेगळं टाकलं होतं.

साल्ट्रियाला पोचलो तेव्हा बस डोळ्यांसमोर निघून गेली. पुढच्या बसपर्यंत ओल्या बुटांत बसलो. फोटो खाली टाकतेय. दाताळ्याचा एकही नाही, कारण त्या वेळी माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

कडेकपार

लिहिलंय छान, पण एक प्रामाणिक शंका. रोपवेने वर, खुर्चीने आणखी वर, बसने परत, मध्ये दर अर्ध्या तासाला हॉटेल. यात ट्रेक नक्की कुठे होता? 🙂 आमच्याकडे नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून गेल्यावर जे पिठलं-भाकरी मिळते तिला चव येते ती चढामुळे. डोंगराला तिकीट खिडकी लागली की तो बाग होतो.

इसारकाठी

@कडेकपार, मी ट्रेक म्हटलेलंच नाही, 'चाल' म्हटलंय. शीर्षक परत वाचा. आणि आईला नळीच्या वाटेने नेऊन दाखवा, मग बोलू.

साताऱ्याची_सून

वा! वाचनखूण साठवली. सासरे कास रस्त्यावरच्या गावातले, त्यामुळे 'हे कुणाच्या मालकीचं' हा प्रश्न आमच्या घरातही पहिला येतो.

कडेकपार, 'बाग होतो' यावरून एक सांगते. आमच्या कासला नेमकं उलट झालं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कास आलं, गर्दी उसळली. मग तारेची जाळी लागली, रोजच्या माणसांची संख्या ठरली, ऑनलाइन नोंदणी आली. गर्दीला आळा बसायला हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाळीमुळे गुरंही बाहेर राहिली. गावातली जुनी माणसं तेव्हापासून म्हणत होती की गुरं चरली नाहीत तर गवत माजेल आणि बारकी फुलं दबतील. पुढे जाळी काढली. आता कुणी म्हणेल गुरांमुळेच फुलं असतात असं नाही, तिथे खडक, पाऊस, माती सगळंच वेगळं आहे. पण सासऱ्यांचं एक वाक्य लक्षात राहिलंय : "रान नुसतं राखलं की राखलं जात नाही, वापरावं लागतं."

इसारकाठी, तुमच्या बाबांना सांगा, जावळीकरांना कासच्या लोकांचा नमस्कार. गंजी तापते हे त्यांनी तिथे सांगितलं यावर आमच्याकडे सगळे खूश झालेत.

खडकमाळ

इथे भूशास्त्राचा डोस द्यायची परवानगी असावी. नको असेल त्यांनी खालच्या प्रतिसादावर उडी मारा.

सायझर आल्मला गेलो होतो विद्यार्थी असताना, हातोडी घेऊन (तेव्हा हातोडी चालवली नाही, पार्क आहे). तिथे कुणाला सहज दिसत नाही ती गंमत अशी की हिरवं कुरण आणि त्याच्या कडेचे राखाडी डोंगर हे दोन वेगळ्या जातींचे खडक आहेत. सास्सोलुंगो (शब्दशः 'लांब दगड') आणि श्लेर्न हे मूळचे समुद्रातले. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात शैवाल आणि इतर जिवांनी रचलेले चुनखडीचे बांध. त्यातल्या कॅल्शियमची जागा काही प्रमाणात मॅग्नेशियमने घेतली आणि डोलोमाइट तयार झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने या दगडाचं वेगळेपण नोंदवलं, त्याच्यावरून दगडाला नाव, आणि दगडावरून पर्वतरांगेला. क्रम असा उलटा आहे.

या बांधांच्या मधल्या खोलगट भागात, साधारण त्याच काळात, ज्वालामुखी फुटले. लाव्हा आणि राख समुद्राच्या तळाशी साचली. आज तुम्ही ज्यावर चाललात ते त्याचंच पठार. डोलोमाइट कोरडा, भेगाळ, पाणी खाली सोडून देणारा. लाव्हा-राखेची माती मऊ आणि पाणी धरून ठेवणारी. म्हणून कातळावर काही उगवत नाही आणि पायथ्याशी गुडघाभर गवत. फळ्या टाकलेली पाणथळ जागासुद्धा त्यामुळेच.

आता आपल्याशी नातं. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्यांच्यापेक्षा पुष्कळ तरुण. पण लाव्हाच्या पोकळ्यांत झिओलाइट गटाची स्फटिकं वाढतात हे दोन्हीकडे सारखं. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतले आपले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सायझर आल्मचं अ‍ॅनल्साइमही (तोही एक झिओलाइटच) जुन्या युरोपियन संग्रहांत प्रसिद्ध आहे. मी आधी लेबलांवर हे नाव वाचलं आणि नंतर कळलं की तिथे गाईही असतात.

@साताऱ्याची_सून, कासचं गवत आणि हे कुरण यांत फरक आहे हे तुम्ही बरोबर लिहिलंत. कासला जांभ्याचं कवच आणि वर बोटभर माती, झाडाला मूळ धरायला जागाच नाही. तो सडा आहे. सायझर आल्मला झाडं येऊ शकतात, माणूस येऊ देत नाही.

कडेकपार

खडकमाळ, हे वाचल्यावर मात्र जावंसं वाटतंय. रोपवेचं तिकीट कुणीतरी काढा.

बुग्यालवेडा

युरोपचा विषय आहे तरी राहवत नाही. आपल्याकडे याचं भावंड म्हणजे गढवालचे बुग्याल (उंचावरची कुरणं). दयारा बुग्याल (उत्तरकाशी जिल्हा) मी तीनदा केलाय. रैथल किंवा बार्सू गावातून वर, खरसू ओक आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून, आणि अचानक झाडं संपून गवताची लाट. साडेतीन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे सायझर आल्मपेक्षा बरंच उंच, आणि समोर बंदरपूंछ.

२०१८च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्री तंबू टाकायला बंदी केली आणि दिवसाला दोनशे माणसांची मर्यादा घातली. तेव्हा आमचा ग्रुप खूप चिडला होता, मीही. आता वाटतं, मुक्काम झाडांच्या रेषेच्या खाली करून वर फक्त दिवसा जायचं, यात तोटा काय झाला? सूर्योदयाचा फोटो गेला, बस.

तुमच्या बाबांच्या दाताळ्यावरून आठवलं. दयाराला भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, रैथलचे लोक वर छानींमध्ये (उन्हाळी गोठे) जमतात आणि एकमेकांवर लोणी-ताक फेकतात. अंढूडी उत्सव. होळीसारखंच, फक्त रंगाऐवजी ताक. उन्हाळाभर कुरणाने दूध दिलं त्याचे आभार मानून गुरं खाली न्यायची तयारी. मला तिथल्या एका आजीने गालावर लोणी फासलं आणि ते दोन दिवस गेलं नाही. टोपीला अजून वास येतो असं बायको म्हणते.

शेंगदाणा_कूट

प्रश्न १ : शुद्ध शाकाहारी माणूस वर जगेल का?
प्रश्न २ : ताक मिळतं का? 😁

इसारकाठी

@शेंगदाणा_कूट, दोन्हींचं उत्तर हो, पण सांभाळून.

वरच्या झोपड्यांत (त्या मूळच्या गोठे-दुधाच्या, आता बऱ्याच जणांनी खानावळी केल्यात) क्न्योडल नावाचे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे मिळतात. पालकाचे आणि चीजचे गोळे शाकाहारी. पण तसेच दिसणारे श्पेक घातलेलेही असतात, आणि श्पेक म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस. रंगावर जाऊ नका, विचारा. रस्सा घेतला तर तो बहुधा मांसाचा असतो, वितळलेल्या लोण्यातले मागा. श्लुट्सक्राफन म्हणजे पालक-चीज भरलेली पुरणाच्या करंजीएवढी अर्धचंद्राकृती पुरी, उकडून वर लोणी. आईला हे इतकं आवडलं की तिने कडा कशी दुमडली आहे ते उलटून बघितलं आणि "मुरड नाही, नुसतं दाबलंय" असा शेरा दिला.

गोडात श्ट्राउबन घ्याच. पीठ नळकांड्यातून गोल-गोल तेलात सोडतात. पाकाऐवजी वर साखर आणि आंबट बेरींचा मुरंबा. बाबा : "जिलबी फसलीय, पण चांगली फसलीय."

ताक मिळतं. बुटरमिल्श मागा. मोठ्या पेल्यात, गार, दाट. आईकडे पर्समध्ये जिऱ्याची पूड होती. पुढचं सांगत नाही.

पाणकणीस

तो कापसाच्या बोंडांचा उल्लेख कापूसगवताचा आहे, पाणथळ जागेची खूण. वात न होणं साहजिक, तंतू फार आखूड असतात. आईंना सांगा, त्यांच्याआधी युरोपातही लोकांनी हा प्रयोग करून बघितलाय. उश्या भरायला मात्र वापरायचे.

इनकाठचा

इन्सब्रुकला असतो, ब्रेनर खिंडीच्या ऑस्ट्रियाकडच्या बाजूला. दोन गोष्टी, पहिली जरा कडक सुरात.

वादळात खोपटाच्या वळचणीला भिंतीला टेकून उभं राहिलात, ते चूक होतं. तुमचं नशीब की विजा लांब राहिल्या. पठारावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे ते खोपट, आणि अशा जुन्या गवताच्या खोपटांना वीजरोधक असेलच असं नाही. वीज पडली तर ती भिंतीवरून खाली येते आणि जमिनीत पसरते. अशा वेळी वीजरोधक असलेली मोठी इमारत, नाहीतर बंद गाडी. दोन्ही नसेल तर एकट्या झाडापासून, कड्यापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, खोलगट जागेत पाय जुळवून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून अंतर ठेवून. काठ्या बाजूला टाकायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वादळं इथे नेहमीची आहेत. चाल सकाळी लवकर सुरू करा आणि दोनच्या आत उघड्यावरून बाहेर पडा. अडचणीत ११२.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबांना आवडेल. हिरवागार, दाट, सगळीकडे पिवळ्या सिंहदंतीने (डँडेलियन) भरलेला तुकडा दिसला की पर्यटक फोटो काढतात. पण तो शेणखत भरपूर टाकलेला तुकडा असतो. चारा जास्त, फुलांच्या जाती कमी. बिनखताचा, जरा विरळ, मळकट दिसणारा तुकडा शोधा. तिथे खाली वाकलात तर निळी जेन्शियन, आर्निका, ऑर्किड, सगळं एका हातभर जागेत मिळेल. तुमचा म्हातारा जो तिरका कोपरा हाताने कापत होता तो बहुधा असाच असणार, कारण तिथे खताची गाडी जात नाही.

ज्यांना कडेकपारांसारखी खाज आहे त्यांच्यासाठी : कोम्पाचहून रोस्त्सेन म्हणजे 'घोड्याचे दात' नावाच्या सुळक्यांच्या खिंडीत चढा, पलीकडे टियर्सर आल्प्लची लाल छपराची झोपडी (२४४० मीटर), तिथून मालक्नेख्ट खिंडीवरून परत कुरणात. पूर्ण दिवस जातो, घाम निघतो.

इसारकाठी

@इनकाठचा, विजेचं मान्य. वळचण हे खरंच माहीत नव्हतं, आपल्याकडे पावसात सगळे वळचणीलाच उभे राहतात. मूळ लेखात बदल करत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद कळेल. धागा वाचणाऱ्यांनी हा प्रतिसाद आधी वाचावा.

मांडवीतीर

सगळे दगड-गवतावर बोलतायत, मी मात्र 'फेरगेल्ट्स गॉट'पाशी अडकलोय. आमच्या गोव्यात धन्यवाद म्हणायचं ते "देव बरें करूं". तेच! आभार मी मानत नाही, तुझं काय ते देव बघेल. माझी आजी तर दुकानदाराने सुटे पैसे दिले तरी म्हणायची. बोल्झानोला कामानिमित्त जाणं होतं, आता हा शब्द वापरून बघतो.

इनकाठचा

@मांडवीतीर, जरूर, पण गावाकडे. शहरात तरुण पोरं हसतील, म्हातारे मात्र खूश होतील. आणि कुणी तुम्हाला म्हटलं तर उत्तर "जेगेन्स गॉट", देव त्यात बरकत देवो.

चाकोरीबाहेर

आम्ही जूनच्या शेवटी जाणार आहोत, सोबत सासूबाई (७२) आणि चार वर्षांची मुलगी. जून चालेल का? बाबागाडी न्यावी का? आणि ते गवतात अंघोळ घालतात म्हणे, ते खरं आहे?

इसारकाठी

जून उत्तम, फुलं तेव्हाच जास्त. कापणी साधारण जुलैच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळे दाताळं चालवायची हौस असेल तर उशिरा या. बाबागाडी कोम्पाच-साल्ट्रिया बाजूच्या रुंद रस्त्यांवर चालते, फळ्यांच्या वाटेवर नको. मुलीला एकच नियम सांगा : वाट सोडून गवतात धावायचं नाही. तुडवलेलं गवत विळ्याखाली येत नाही, आडवं झोपतं. आमच्या बाबांनी हे मला शाळेत असताना इतक्या वेळा सांगितलंय की तिथली पाटी वाचायची गरजच पडली नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचा प्रवास पास मिळतो का विचारा, स्थानिक बसला उपयोगी पडतो. रोपवेला चालतो का ते आधीच विचारून घ्या, नाहीतर खिडकीवर सासूबाईंसमोर पंचाईत. शेवटच्या रोपवेची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा.

गवताची अंघोळ खरी आहे, फ्योल्स गावात. पूर्वी कापणीचे मजूर रात्री ताज्या गवतात झोपायचे आणि सकाळी अंग हलकं वाटायचं, त्यावरून निघालेला उपचार. ओल्या, कोमट गवतात गळ्यापर्यंत गुंडाळून ठेवतात. मी आईला विचारलं, करायचं का? ती म्हणाली, "लग्न झाल्यावर पहिली चार वर्षं गंजीवरच दुपार काढली, तेव्हा कुणी पैसे नाही मागितले."

शेंगदाणा_कूट

आई 🙏 आईंचा वेगळा धागा काढा.

साताऱ्याची_सून

+१. आणि बाबांना विचारा, एवढं उंचावर गवत वर्षातून किती वेळा कापतात? इथे सासरे विचारतायत.

इनकाठचा

मी सांगतो. खाली खोऱ्यात दोन-तीनदा. वर आल्मवर एकदाच. बर्फ जाऊन गवत वाढायला आणि परत बर्फ यायला मधे तेवढाच वेळ मिळतो.

इसारकाठी

आत्ताच बाबांना फोनवर हे वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकच कापणी? आणि त्यावर पूर्ण हिवाळा? मग बरोबर आहे, उगाच नव्हता पळत तो." आणि मग विचारलं की भिजलेल्याचं पुढे काय झालं, वाळलं का. आता ते मी कुणाला विचारू!